सहा अधिक एक

"मी नाही बसत त्या सातवर. बाजूले बसतो हेच लय झालं."

कासाबाई हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हत्या. पण त्यांची सहा नंबरची खुर्ची आणि माझं टेबल यांच्यात जेमतेम हातभर अंतर होतं, त्यामुळे त्यांचं मनाशी बोलणंसुद्धा माझ्याच कानात यायचं. त्यांचं मशीन सकाळपासून सारखं ओरडत होतं. मशीनं लावणारी शाहीन त्यांना विनवत होती, की तासभर शेजारच्या सातवर बसा, तोवर मी याचं काय दुखतंय ते बघते.

"काहून नाही बसत, मावशी?"

"तुले माहीत नाही? मनवर मास्तर गेले त्याच्यावरून. त्याच्या आधी तो पानठेलेवाला गेला. आता मले पाठवतं का?"

"मास्तर घरी गेले. झोपेत. खुर्चीचा काय संबंध?"

"घरी गेले, पण आदल्या दिवशी उठले कुठून होते?"

शाहीननं माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहिलं. डायलिसिसवरच्या माणसांशी मरणाबद्दल वाद घालू नये. त्या विषयात त्यांचा अभ्यास आपल्यापेक्षा दांडगा असतो.

याला आता अकरा वर्षं झाली. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी जिभेला लावलं तर डोळे आपोआप मिटतात. त्या पाण्यानंच किडन्या जातात की आणखी कशानं, यावर शिकलेली माणसं अजून भांडतात. आमच्या सेंटरला भांडायला सवड नव्हती. एका संस्थेनं घालून दिलेल्या आठ खुर्च्या, आठ मशीनं, आणि त्यावर पाळीपाळीनं येणारी बेचाळीस माणसं. आठवड्यातून दोनदा चार-चार तास ती येऊन पडायची. मशीन त्यांचं रक्त बाहेर काढून धुवायचं, अंगात साठलेलं जास्तीचं पाणी काढून घ्यायचं, आणि माणूस पुढच्या तीन दिवसांपुरता माणसात यायचा. आमच्यानंतरचं सेंटर साठ किलोमीटरवर, अकोल्यात.

मी नावनोंदणीला होते. बारावी आणि टायपिंग, एवढंच शिक्षण. चाळिशीत बायका गुडघ्यांची दुखणी शिकतात, मी जावास्क्रिप्ट शिकले. कॉम्प्युटरची ती भाषा कुणी शिकवली नाही. दुपारच्या पाळीत मशीनं एकसुरी घरघरत असायची, पेशंट झोपलेले, आणि माझ्यासमोर संस्थेनं दिलेला कॉम्प्युटर नुसता बसून. मग इंटरनेटवर इथलं थोडं, तिथलं थोडं वाचत, उतरवत, चुकत, मी सेंटरचा एक प्रोग्रॅम लिहिला. आतली नावंसुद्धा मराठीत ठेवली होती, खुर्ची, वजन, पाळी. कॉम्प्युटरला ती चालतात. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी घरी शिरा केला होता.

प्रोग्रॅमचं मुख्य काम एकच. खुर्चीचा नंबर द्यायचा, त्यानं त्या पाळीतल्या त्या खुर्चीवरच्या माणसाचं कोरडं वजन दाखवायचं. कोरडं वजन म्हणजे अंगात फालतू पाणी नसताना माणूस जेवढा भरतो तेवढं. पेशंट आला की त्याला काट्यावर उभं करायचं, आलेल्या आकड्यातून कोरडं वजन वजा करायचं, उरेल तेवढं पाणी काढायला मशीन लावायचं. कमी काढलं तर धाप लागते. जास्त काढलं तर रक्तदाब कोसळतो. पूर्वी हे वजन प्रत्येक खुर्चीमागे पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहून टांगलेलं असायचं. माझा प्रोग्रॅम आला तशी कार्डं गेली. मीच काढली ती, स्टुलावर चढून, मोठ्या दिमाखात.

तर तीन आठवडे झाले, सात नंबरवर कुणी बसेना. आणि बाहेर तिघं जागेसाठी थांबलेले.

"मी बसतो."

हे मधुकर ढोकणे म्हणाले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, दोन वर्षं आमच्याकडे दुपारच्या पाळीला येत होते. त्या सोमवारी सकाळीच येऊन माझ्या टेबलाला टेकून उभे होते, कारण त्यांना सकाळची पाळी हवी होती. दुपारी डायलिसिस आटोपून निघालं की गावाकडची शेवटची गाडी चुकायची. जन्मभर लोकांना गाडीत बसवलेला माणूस आता स्टँडवर ताटकळतो, हे त्यांना लई लागायचं.

"बसा काका, तुमचीच खुर्ची," शाहीन म्हणाली.

"मले काई नाही पोरी. मी तीस वर्षं ड्रायव्हरच्या भरवशावर बसलो, सातनं काय होते? पण आमच्या लीलाबाईच्या कानावर गेलं हाय सातचं. पावतीवर सात पाहिलं त का मले घराबाहेर पडू देत नाही ते."

"मग सात नाहीच आपल्याकडे." शाहीननं कपाटातून पांढरी चिकटपट्टी काढली, जाड पेनानं काहीतरी लिहिलं आणि खुर्चीच्या पाठीवर सातच्या आकड्यावर दाबून बसवली. ६+१.

ढोकणे इतके हसले की त्यांना खोकला आला. "वा! मधली शीट! हाफ तिकीट का फुल?"

कासाबाईंनी मान वळवून पट्टी पाहिली. "याले हुशारी म्हणतात," त्या म्हणाल्या. "आता यमाले गणित येत नसलं म्हणजे झालं."

आम्ही सगळे हसलो. मीही.

"ताई, कॉम्प्युटरमध्ये बी करा न," शाहीन म्हणाली. "पावती तिथूनच निघते."

दोन मिनिटांचं काम होतं. खुर्च्यांच्या यादीत सात होता तिथे 6+1 लिहिलं, ढोकण्यांचं नाव त्या पाळीत घातलं, त्यांचं कोरडं वजन त्या नावाखाली भरलं, साडेबावन्न. पावती काढून दाखवली. त्यांनी ती घडी घालून वरच्या खिशात ठेवली, तिकिटांचे पैसे ठेवत असतील तशी.

गुरुवारी सकाळी सातला ते आले. नवी पाळी म्हणून दाढी करून आले होते. काट्यावर उभे राहिले, पंचावन्न किलो भरले.

"ताई, काकांचं कोरडं?" शाहीननं तिकडून विचारलं. ती सकाळच्या पाळीची. दुपारच्या माणसांची वजनं तिला तोंडपाठ नव्हती.

मी क्रमांक भरला, पडद्यावरचा आकडा वाचला. "साडेपन्नास."

हे मी वाचलं. माझ्या तोंडानं. बेचाळीस जणांची वजनं मी माझ्या हातानं भरलेली, त्यातलं हे साडेबावन्न तीन दिवसांपूर्वीच भरलेलं, पण आकडा पडद्यावर आला की तो माझ्यापेक्षा जास्त खरा वाटायला लागला होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एवढी बाधा तरी होतेच.

"साडेचार लिटर?" शाहीन थबकली. "काका, एवढं? काय पराक्रम केला?"

ढोकणे लाजल्यासारखं हसले. "विचारू नको. झालं काल थोडं जास्त. काढ तू. शिक्षा म्हणून काढ."

तिने डॉक्टरांना विचारलं. डॉ. चांडक तिसऱ्या खुर्चीपाशी दुसऱ्या कुणाचा हात तपासत होते. "पथ्य मोडलं का? बरं. हळूहळू काढ, लक्ष ठेव," एवढं म्हणाले. तेही बरोबरच होतं. पथ्य मोडलेला माणूस समोर कबूल करतोय म्हटल्यावर कॉम्प्युटरवर कोण संशय घेईल?

साडेनऊच्या सुमारास त्यांच्या पायात गोळे यायला लागले. शाहीननं पाय चोळले. पावणेदहाला त्यांनी मला हाक मारली. "मॅडम, पंखा चालू हाय का?" पंखा चालू होता. मी तसं सांगायला वळले, तोवर त्यांची मान एका बाजूला कलंडली होती.

पुढचं सगळं मी पाहिलं, पण ते मला कधीच ओळीनं आठवत नाही. शाहीन त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होती, मोठ्यानं आकडे म्हणत होती. डॉक्टर इंजेक्शन भरत होते. कासाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि त्यांचा सुई लावलेला हात तेवढा बाहेर, न हलवता, जागच्या जागी. गाडीत घालून अकोल्याला नेलं. वाटेतच गेले.

त्या दिवशी दुपारची पाळी तरीही लागली. तीन वाजता मी कॉम्प्युटरसमोर बसले. का बसले ते सांगता येत नाही. पंचावन्न वजा साडेपन्नास, हे डोक्यात घोळत होतं. दुपारच्या पाळीत हा माणूस कधी तीन लिटरच्या वर गेला नव्हता. मी त्यांची नोंद उघडली. साडेबावन्न. बरोबर होती. मग पडदा उघडून क्रमांक भरला. साडेपन्नास.

मग मी कासाबाईंचा क्रमांक भरला. सहा. साडेएकोणपन्नास.

बराच वेळ मी त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. मग प्रोग्रॅम उघडला आणि वजन शोधून देणारी ओळ समोर आणली.

ती मी पहिल्या वर्षी लिहिलेली होती, काही कळत नव्हतं तेव्हा. खुर्चीचा नंबर आधी माहीत नसतो, वापरणारा तो ऐनवेळी भरतो. मग त्या नंबराच्या नावाखालचं वजन काढायचं कसं? मला तेव्हा सापडलेला उपाय असा: "वजन.खुर्ची" एवढी अक्षरं घ्यायची, त्याला भरलेला नंबर चिकटवायचा, आणि तयार झालेलं वाक्य इव्हॅल नावाच्या हुकुमाकडे द्यायचं. तो हुकूम ते वाक्य आज्ञा म्हणून पाळतो. वाक्यात काय आहे ते तो विचारत नाही. एक ते आठ नंबर होते तोवर तीन वर्षं त्यानं चोख काम केलं. गुरुवारी मी त्याला वाक्य दिलं, वजन.खुर्ची6+1. त्यानं मुकाट्यानं आज्ञा पाळली. खुर्ची सहाचं वजन घेतलं, त्यात एक मिळवला, आणि उत्तर दाखवलं.

दुसऱ्या वर्षी मला चौकोनी कंस कळले होते. वजन["खुर्ची" + क्रमांक]. एवढंच. कंसातलं जे असेल ते नुसतं नाव समजलं जातं. त्या नावाखाली काही ठेवलं असेल तर मिळतं, नसेल तर नाही म्हणून सांगतं. आज्ञा नाही, हिशेब नाही. नोंदी साठवायचा भाग मी कंसांनीच लिहिला होता, म्हणून ढोकण्यांचं वजन 6+1 या नावाखाली अगदी बरोबर पडून होतं. वाचायचा भाग जुना होता. तो कंसात घालायचं मनात आलेलंही होतं. इव्हॅल वापरू नका, असं जागोजागी लिहिलेलं मी वाचलंही होतं. पण चालतंय ना, मग कशाला हात लावा, असं म्हणून ठेवून दिलं. माझ्या घरचा नळही तसाच गळतो.

मी ओळ बदलली. पुन्हा क्रमांक भरला. साडेबावन्न.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले, पेनाचं टोपण उघडत आणि लावत.

"एका ओळीमुळे?"

"हो."

"आता?"

"बदलली."

"म्हणजे आता बरोबर दाखवतं."

"हो."

"कुणाला बोललात?"

"नाही."

ते उठून खिडकीशी गेले. बाहेर बाकावर पुढच्या पाळीची माणसं बसली होती. "हेमलताबाई, सुरुवातीला घेतलेल्या रक्तात त्यांचं पोटॅशियम सात होतं. फार वाढलेलं. त्यानंही हृदय थांबतं."

"पावणेतीन तास रक्त धुतल्यावरही ते वाढलेलंच राहतं?"

डॉ. चांडक वाईट माणूस नव्हते. अकोल्यात चांगला चालणारा दवाखाना सोडून ते इथे आले होते. थोड्या वेळानं ते खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "चौकशी लागली की आधी कुलूप लागतं, मग प्रश्न विचारतात. सहा महिने, वर्ष. या कासाबाई आठवड्यातून दोनदा अकोल्याला कशा जातील? जातील का?"

मी बाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"एक्केचाळीस माणसं आहेत. मी तुम्हाला काही सांगत नाही. फक्त आकडा सांगतोय."

त्या दिवसापासून आमच्यात त्याला 'तो विषय' असं नाव पडलं. तेही डॉक्टर एकदाच म्हणाले, "तो विषय आता नको." मग सगळ्यांनी तेवढं उचललं. ढोकणे गेले असंसुद्धा कुणी म्हणेना. 'गुरुवारचं ते झालं तेव्हा,' असं म्हणायचे. खुर्चीवरची पट्टी कुणीतरी काढून टाकली होती. तिचा गोंद तेवढा पाठीला चिकटून राहिलेला, त्याला धूळ लागत होती.

शाहीननं थट्टा करणं बंद केलं. प्रत्येक पेशंटला ती दोनदा काट्यावर उभं करायची, मशीनवरचा आकडा तीनदा बघायची. आठवड्यानं ती सामानाच्या खोलीत फिल्टरचे डबे लावत असताना मी आत गेले आणि दार लोटून घेतलं.

"ताई, माझ्याकडून मशीन चुकीचं लागलं असन," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी रोज आठवतो. साडेचारच लावलं होतं का पाच?"

"साडेचारच लावलंस. मी सांगितलं तेच. मीच चुकीचं सांगितलं."

मग मी तिला समजावलं. तिच्या हातातल्या डब्याकडे बोट दाखवून सांगितलं. प्रत्येक पेशंटचा फिल्टर वेगळ्या डब्यात, डब्यावर पाटी. "तू काय करतेस? पाटी वाचतेस, जुळली की डबा काढतेस. नाही सापडली तर हात हलवत परत येतेस. प्रोग्रॅमनं तेवढंच करायला पाहिजे होतं. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, त्यानं ती नुसती वाचायची होती. मी त्याला पाटीवरचं गणित सोडवायला लावलं."

"गणित?"

"कासाबाईंचं वजन, अधिक एक."

तिने डबा फळीवर ठेवला. बराच वेळ तो सरळ करत राहिली.

"म्हणजे माझी पट्टी."

"पट्टीचा दोष नाही. तू खुर्चीचं नाव गुलाबजाम ठेवलं असतंस तरी चालायला पाहिजे होतं."

"पण ठेवलं मी, न. हसू यावं म्हणून."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर कुणाचं तरी मशीन ओरडायला लागलं, तसे तिने डोळे पुसले.

"त्यांच्या घरी सांगाचं का, ताई?"

"डॉक्टर म्हणतात, कुलूप लागेल."

"हो. माझे मामा हाय न मंगळवारच्या पाळीत." तिने दाराला हात घातला. "मी काई नाही बोलत. तुम्ही म्हणसान तसं."

पुढचे दोन आठवडे मी नुसती कामं करत राहिले. घरी आल्यावर प्रोग्रॅम उघडून एकेक ओळ तपासायची, आणखी कुठे ते इव्हॅल दडलंय का ते शोधायचं. दोन ठिकाणी सापडलं. काढलं. जणू काढून काही होणार होतं.

मग एका सोमवारी लीलाबाई ढोकणे आल्या.

तेरवी होऊन आठवडा झाला होता. बारीक, उंच बाई, हातात दोन पिशव्या. मी त्यांना दोन वर्षांत तीनदाच पाहिलं होतं. स्टाफसाठी त्यांनी बुंदीचे लाडू आणले होते. पेशंटांना त्यातलं काही चालत नाही, हे नवऱ्याचं पथ्य सांभाळलेल्या बाईला सांगावं लागलं नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या डब्यात सफरचंदाच्या पातळ फोडी होत्या, माणशी एक. प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन त्यांनी ती फोड हातात दिली. सातपाशीही गेल्या. तिथे आता एक नवा पोरगेला शिक्षक बसत होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याच्याही हातावर फोड ठेवली.

डॉक्टर बाहेर आले. शाहीन भिंतीला टेकून उभी होती. मी उठून माझी खुर्ची पुढे केली.

"तुमचे लई उपकार हाय," लीलाबाई बसत म्हणाल्या. "दोन वर्षं तुम्ही त्यांले तारलं. घरी आले का तुमच्याच गोष्टी. शाहीननं असं म्हटलं, मॅडमनं तसं म्हटलं."

डॉक्टरांनी हात जोडले. "आमचं कामच आहे ते, ताई."

"एक विचारू का, डॉक्टरसाहेब? रागावू नका."

"विचारा ना."

लीलाबाईंनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"कलिंगडाच्या किती फोडी चालतात?"

डॉक्टरांनी शाहीनकडे पाहिलं.

"मले मालूम हाय चालत नाही म्हणून. पण त्या बुधवारी दारावर गाडी आली. ते म्हणाले, एक फोड दे. मी नाही म्हटलं. त रडले हो ते. लेकरासारखे. तीस वर्षं त्या माणसाले रडताना पाहिलं नव्हतं. म्हणे, किती दिवसांचा हाय मी, एक फोड दे. मी एक देल्ली. मंग अजून मागितली. अजून देल्ली." त्या आमच्याकडे एकेक करून बघत होत्या. "चार झाल्या. मी मोजल्या. चार फोडींनं माणूस जाते का?"

डॉक्टरांनी घसा खाकरला. "हे बघा, या आजारात पथ्य फार कडक असतं. पोटॅशियम वाढलं होतं. पण तुम्ही असं मनाला लावून घेऊ नका. होतं कधी कधी. तुम्ही प्रेमानंच दिलं."

"म्हणजे त्यानंच."

"ताई, तसं नेमकं कुणीच सांगू शकत नाही."

"नाही, सांगा न. मले खरं सांगा. माझा पोरगा माझ्याशी बोलत नाही. तेरवीच्या दिवशी चार पाहुण्यांपुढं म्हणाला, बाबाले हिनंच खाऊ घालून मारलं. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊन विचारतो. ते म्हणतीन ते खरं." त्या थोडं थांबल्या. "मी काई भांडाले आली नाही. मले फक्त कळलं पाहिजे, म्हणजे मी त्याच्यापुढं गप बसीन. हो म्हणीन, मीच मारलं."

डॉक्टर जमिनीकडे बघत होते. शाहीननं तोंडावर ओढणी दाबून धरली होती. कासाबाई सहावर डोळे मिटून पडल्या होत्या, पण हातातली फोड त्यांनी अजून तोंडात घातली नव्हती. आठ मशीनं घरघरत होती. त्यांच्यावर आठ माणसं होती आणि बाहेर बाकावर आणखी होती. कुलूप लागलं तर त्या सगळ्यांचं काय होईल, हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसत होतं, चेहऱ्यांसकट. ते आजही दिसतं. कुणी म्हणेल की मी त्या सगळ्यांचा विचार करायला हवा होता. केला होता. तीन आठवडे दुसरं काहीच केलं नव्हतं.

"बरं," लीलाबाई म्हणाल्या आणि डबा पिशवीत घालून उठायला लागल्या. "समजलं मले."

"बसा," मी म्हणाले.

"हेमलताबाई," डॉक्टर म्हणाले. हळूच.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी लीलाबाईंच्या समोर खाली फरशीवर बसले आणि त्यांच्या मांडीवरच्या पिशवीला हात लावला.

"कलिंगडाचं पाणी त्या दिवशी सगळं निघालं असतं. अडीच लिटर काढायचं होतं, काढलं असतं, ते उठून गाडीला गेले असते. माझ्या कॉम्प्युटरनं त्यांचं वजन चुकीचं दाखवलं. मी ते वाचून सांगितलं. आम्ही त्यांच्या अंगातलं जास्तीचं काढलं, आणि नंतरही काढतच राहिलो. तुम्ही नाही, लीलाबाई. त्यांना आम्ही मारलं. मी मारलं."